ब्लूटूथ जोडले, आयपी मिळाला, तरी पिंग जात नाही: एआरपी कसा चालतो आणि कुठे अडतो

दोन यंत्रे ब्लूटूथने पेअर झाली, नेटवर्क जोडले गेले, आयपी पत्ताही मिळाला. मग पिंग केले आणि स्क्रीनवर ओळ आली: ‘फ्रॉम १९२.१६८.५०.२३, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. या ओळीतला पत्ता नीट पाहा. पिंग १९२.१६८.५०.१ ला केले होते आणि नकार देणारा पत्ता आहे १९२.१६८.५०.२३, म्हणजे तुमचेच यंत्र. पॅकेट हवेत गेलेच नाही. समोरच्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता) तुमच्या लिनक्सला सापडला नाही, म्हणून त्याने पॅकेट दारातूनच परत फिरवले. हा मॅक ॲड्रेस शोधण्याचे काम एआरपी (ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल) करतो.

अशा वेळी बहुतेक जण पेअरिंग काढून पुन्हा करतात. त्याने क्वचितच काही साधते, कारण पेअरिंग ही एआरपीच्या कितीतरी खालच्या थरातली गोष्ट आहे. ब्लूटूथवर एआरपीचे पॅकेट सहसा हरवत नाही. ते उशिरा पोहोचते, नाहीतर वाटेत कुठल्या तरी नियमाने गाळले जाते. हे लक्षात ठेवून शोध घेतला तर दोष लवकर हाती लागतो.

पुढच्या सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे इंग्रजी लहान लिपीत टाइप करायच्या. उदाहरणासाठी रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसते ‘पाय’) हे मधले यंत्र आणि लिनक्सचे दोन लॅपटॉप घेतले आहेत. फोनच्या ब्लूटूथ टेदरिंगलाही हेच तत्त्व लागू आहे.

मधले यंत्र आणि बाकीची यंत्रे

क्लासिक ब्लूटूथवर नेटवर्क चालवणाऱ्या प्रोफाइलला पॅन म्हणतात. त्यात तीन भूमिका असतात. एनएपी हे मधले यंत्र. ते बाकीच्यांना एकमेकांशी आणि बाहेरच्या नेटवर्कशी जोडते. जीएन हेही मधलेच, पण त्याला बाहेरची वाट नसते. आणि जोडून घेणारे ते पॅनयू. एका पिकोनेटमध्ये मधल्या यंत्राभोवती एका वेळी जास्तीत जास्त सात सक्रिय यंत्रे राहू शकतात.

या जोडणीवरून इथरनेटची फ्रेम नेण्याचे काम बीएनईपी करतो, ज्याला सगळे ‘बीनेप’ म्हणतात. लिनक्सवर जोडणी झाली की ‘बीनेप०’ नावाचा इंटरफेस उभा राहतो. कर्नलला तो साध्या इथरनेट कार्डासारखा दिसतो. ब्लूटूथ यंत्राचा पत्ता ४८ बिटांचा असतो, मॅक ॲड्रेसही ४८ बिटांचाच, आणि बीनेप तो जसाच्या तसा मॅक म्हणून वापरतो. भाषांतराची गरज पडत नाही.

इथे एक रास्त शंका येते. जोडताना समोरच्याचा ब्लूटूथ पत्ता आपण स्वतःच दिला होता, मग एआरपीने पुन्हा का विचारायचे? कारण तो पत्ता ब्लूटूथच्या थराला माहीत आहे. ‘१९२.१६८.५०.१ हा आयपी त्याच यंत्राचा’ हे आयपीच्या थराला कोणी सांगितलेले नाही. शिवाय हा आयपी मधल्या यंत्राचा नसून पलीकडच्या दुसऱ्या लॅपटॉपचाही असू शकतो. म्हणून विचारावेच लागते.

एका प्रश्नाचा प्रवास, बाइट मोजून

एआरपीचा नियम नोव्हेंबर १९८२ मध्ये आरएफसी ८२६ म्हणून आला आणि ब्लूटूथवरही तोच चालतो. पॅकेट अवघे २८ बाइटांचे: हार्डवेअरचा प्रकार २, प्रोटोकॉलचा प्रकार २, दोन्ही पत्त्यांच्या लांबीसाठी १ आणि १, काम कोणते त्यासाठी २ (१ म्हणजे प्रश्न, २ म्हणजे उत्तर), मग विचारणाऱ्याचा मॅक ६ आणि आयपी ४, शेवटी ज्याला विचारायचे त्याचा मॅक ६ आणि आयपी ४. प्रश्नात समोरच्याच्या मॅकची जागा शून्यांनी भरलेली असते.

तारेवरच्या इथरनेटवर हे २८ बाइट ४६ पर्यंत फुगवावे लागतात, कारण तिथे फ्रेम ६४ बाइटांपेक्षा लहान चालत नाही. बीनेपवर अशी सक्ती नाही. उलट बीनेप इथरनेटचे डोकेही (हेडर) छाटतो. पूर्ण डोके १५ बाइटांचे असते: प्रकार १, दोन पत्ते १२, इथरटाइप (आत कोणत्या प्रकारचे पॅकेट आहे ते) २. पाठवणारा आणि घेणारा जोडणीच्या दोन टोकांचेच असतील तर दोन्ही पत्ते गाळून ३ बाइट उरतात. एकच पत्ता टोकाचा असेल तर ९ बाइट.

आता पहिला लॅपटॉप दुसऱ्याचा पत्ता शोधतो आहे असे धरा. प्रश्न सर्वांसाठी आहे, म्हणून घेणाऱ्याचा पत्ता एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ. पाठवणारा टोकाचाच, त्यामुळे त्याचा पत्ता गाळला जातो. ९ अधिक २८, म्हणजे ३७ बाइट लॅपटॉपकडून पायकडे जातात. पाय हा प्रश्न बाकीच्या प्रत्येक यंत्राला वेगवेगळा पाठवतो. त्या वेळी पाठवणारा (पहिला लॅपटॉप) टोकाचा नाही आणि घेणारे ‘सर्व’, म्हणून पूर्ण डोके लागते: प्रत्येकी ४३ बाइट. दुसरा लॅपटॉप उत्तर देतो, ते ३७ बाइटांत पायकडे आणि पुन्हा ३७ बाइटांत पहिल्या लॅपटॉपकडे येते. पायचाच पत्ता विचारला असता तर प्रश्न ३७ आणि उत्तर ३१ बाइटांत संपले असते.

त्यावर खालच्या एल२कॅप थराचे ४ बाइट धरले की प्रश्न ४१ बाइटांचा होतो. सर्वांत छोट्या डीएच१ पॅकेटमध्ये २७ बाइटच मावतात, म्हणून प्रश्न एका डीएच१ मध्ये बसत नाही. डीएच३ ची जागा १८३ बाइट, तिथे तो आरामात बसतो.

या हिशेबात कामाची गोष्ट ही, की ब्लूटूथच्या पॅनमध्ये खरे प्रसारण (ब्रॉडकास्ट) होतच नाही. सात यंत्रे जोडलेली असताना त्यांतल्या एकाने प्रश्न विचारला तर तो एकदा वर जातो आणि सहा वेळा खाली येतो. पण त्याचा फायदाही आहे. वायफायवर प्रसारणाच्या पॅकेटची पोच घेतली जात नाही, गेले तर गेले. इथे प्रत्येक प्रत जोडणीवरून जाते, तिची पोच घेतली जाते आणि पोच न आल्यास ती पुन्हा पाठवली जाते. म्हणूनच वर म्हटले, की ब्लूटूथवर एआरपी सहसा हरवत नाही.

जोडणी उभी करणे

पायवर ‘ब्लूझी’, ‘ब्लूझी-टूल्स’, ‘डीएनएसमास्क’ आणि ‘टीसीपीडम्प’ ही पॅकेजे हवीत. सगळ्या आज्ञा ‘सुडो’ने द्यायच्या आहेत.

१. ‘मॉडप्रोब बीनेप’ देऊन मॉड्यूल चढवा. ‘ब्लूटूथसीटीएल शो’ने पायच्या ब्लूटूथचा पत्ता पाहून लिहून ठेवा.

२. ब्रिज (अनेक इंटरफेस एकाच नेटवर्कमध्ये जोडणारा आभासी स्विच) बनवा: ‘आयपी लिंक ॲड पॅन० टाइप ब्रिज फॉरवर्ड_डिले ०’. शेवटचे शून्य कशासाठी, ते पुढे सविस्तर लिहिले आहे.

३. ब्रिजला पक्का मॅक द्या: ‘आयपी लिंक सेट डेव्ह पॅन० ॲड्रेस’ आणि त्यापुढे पहिल्या पायरीत लिहून ठेवलेला पत्ता. ब्रिजचा आणि ब्लूटूथचा पत्ता एकच ठेवला की पायची उत्तरे ३ बाइटांच्या डोक्याने जातात. वेगळा दिलात तर ९ बाइटांच्या. चालते दोन्ही, पण एकच ठेवणे सोयीचे, कारण एआरपीच्या तक्त्यात दिसणारा पत्ता थेट ब्लूटूथच्या यादीशी ताडून पाहता येतो.

४. ‘आयपी ॲडर ॲड १९२.१६८.५०.१/२४ डेव्ह पॅन०’, मग ‘आयपी लिंक सेट पॅन० अप’.

५. डीएनएसमास्कच्या फाइलमध्ये दोन ओळी: इंटरफेस म्हणून ‘पॅन०’ आणि डीएचसीपीसाठी (यंत्रांना आपोआप आयपी वाटण्यासाठी) १९२.१६८.५०.१० ते १९२.१६८.५०.५०, मुदत १२ तास. सेवा पुन्हा सुरू करा.

६. ‘बीटी-नेटवर्क -एस एनएपी पॅन०’ चालू करा. ही आज्ञा चालू राहिली पाहिजे. खिडकी बंद केली की सेवा संपते.

७. ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये ‘पॉवर ऑन’, ‘एजंट ऑन’, ‘पेअरेबल ऑन’, ‘डिस्कव्हरेबल ऑन’. ब्लूझीमध्ये डिस्कव्हरेबल मुळात १८० सेकंदच टिकते, तेव्हा लॅपटॉप आधीच हाताशी ठेवा.

लॅपटॉपवर पायचा पत्ता शोधून ‘पेअर’ करा आणि पायवर लॅपटॉपचा पत्ता ‘ट्रस्ट’ करा. ‘ट्रस्ट’ करायचे राहून गेले तर प्रत्येक वेळी परवानगी मागितली जाते आणि स्क्रीन नसलेल्या पायवर ती देणारे कोणी नसते. मग ‘बीटी-नेटवर्क -सी’, पायचा पत्ता, ‘एनएपी’. ‘बीनेप०’ उभा राहिला की डीएचसीपी चालवा. नेटवर्कमॅनेजर असेल तर तो बहुधा स्वतःच चालवतो.

पायवर ‘आयपी लिंक’ दिल्यावर बीनेप०च्या ओळीत ‘मास्टर पॅन०’ दिसले पाहिजे. नसेल तर इंटरफेस ब्रिजला लागलेला नाही आणि पुढचे काहीही चालणार नाही.

तक्ता वाचायला शिका

‘आयपी नेबर’ ही आज्ञा एआरपीचा तक्ता दाखवते. विंडोजवर ‘एआरपी -ए’. अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला फोनचा हा तक्ता वाचता येत नाही, म्हणून फोन मधले यंत्र असेल तर तपास लॅपटॉपच्या बाजूनेच करावा लागतो.

तक्त्याच्या ओळीच्या शेवटी स्थिती लिहिलेली असते. ‘इनकम्प्लीट’ म्हणजे प्रश्न विचारला आहे, उत्तर यायचे आहे. लिनक्स एकेका सेकंदाने तीनदा विचारतो आणि उत्तर नाही आले तर ‘फेल्ड’ लिहितो. उत्तर आले की ‘रीचेबल’. ही स्थिती १५ ते ४५ सेकंदांत केव्हातरी संपते (मूळ आकडा ३० सेकंद, त्याचा अर्धा ते दीडपट यांमधला कोणताही) आणि ओळ ‘स्टेल’ होते.

‘स्टेल’ दिसले की अनेक जण तक्ता पुसतात. तसे करू नका. स्टेल म्हणजे ‘पत्ता माहीत आहे, हल्ली खातरजमा केलेली नाही’, एवढेच. पुढचे पॅकेट त्याच पत्त्यावर लगेच जाते, ओळ ‘डिले’मध्ये पाच सेकंद थांबते आणि त्या वेळात समोरून काही खूण मिळाली नाही तरच ‘प्रोब’मध्ये जाते. प्रोबमध्ये प्रश्न सर्वांना न विचारता थेट त्या पत्त्यालाच विचारला जातो. ब्लूटूथवर हे फार सोयीचे, कारण सहा प्रती वाचतात.

हवेतला व्यवहार पाहण्यासाठी ‘टीसीपीडम्प -आय बीनेप० -एन -ई एआरपी’. निरोगी जोडणीत दोन ओळी दिसतात: ‘हू-हॅज १९२.१६८.५०.१ टेल १९२.१६८.५०.२३’ आणि तिच्यामागे ‘१९२.१६८.५०.१ इज-ॲट’, पुढे मॅक. फ्रेमची लांबी ४२ दिसेल, वर हिशेबात आलेली ३७ दिसणार नाही. कर्नलने इथरनेटचे १४ बाइटांचे डोके पुन्हा बसवलेले असते, म्हणून १४ अधिक २८. छाटलेले डोके पाहायचे असेल तर ‘बीटीमॉन’ वापरा, किंवा वायरशार्कमध्ये ब्लूटूथचा इंटरफेस पकडा.

नवा लॅपटॉप पत्ता मागतो तेव्हा पायवर एक गोष्ट हमखास दिसते: पाय स्वतःच १९२.१६८.५०.२३ कुठे आहे असे विचारतो, उत्तर येत नाही आणि तक्त्यात ‘फेल्ड’ची नोंद पडते. हा बिघाड नाही. डीएनएसमास्क पत्ता देण्याआधी तो कोणी वापरत तर नाही ना, हे पिंग करून पाहतो. उत्तर न येणे हेच इथे अपेक्षित आहे.

अडते कुठे

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष ब्रिजच्या थांबण्याचा. एसटीपी (फ्रेम गोल फिरू नयेत म्हणून असलेला प्रोटोकॉल) चालू असेल तर लिनक्सच्या ब्रिजला नवे टोक (पोर्ट) जोडले की तो ते लगेच वापरत नाही. फॉरवर्ड डिले मुळात १५ सेकंद असतो. टोक १५ सेकंद ‘लिसनिंग’मध्ये आणि १५ सेकंद ‘लर्निंग’मध्ये, असे ३० सेकंद राहते. एसटीपी बंद असेल तर आजचे कर्नल टोक लगेच वापरतात. या काळात फ्रेम पुढे जात नाहीत. एआरपीचा धीर मात्र तीन सेकंदांचा. लॅपटॉप जोडला, लगेच पिंग केले, तीन प्रश्न ब्रिजच्या दारात अडले, ‘फेल्ड’ आले. वैतागून जोडणी तोडून पुन्हा केली की ३० सेकंद नव्याने सुरू. तारेच्या नेटवर्कमध्ये केबल दिवसाला एकदा लागते, म्हणून हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ब्लूटूथमध्ये यंत्र खोलीबाहेर जाऊन आत आले तरी टोक नव्याने लागते. दुसऱ्या पायरीतले शून्य जुन्या कर्नलसाठी होते, तिथे एसटीपी बंद असतानाही १५ सेकंद जात. ब्रिज आधीच उभा असेल आणि त्यावर एसटीपी चालू असेल तर ‘आयपी लिंक सेट पॅन० टाइप ब्रिज एसटीपी_स्टेट ०’. मात्र ब्रिजमध्ये इथरनेटची दोन टोके एकाच स्विचला लागलेली असतील तर हे शून्य करू नका, फ्रेम गोल फिरत राहतील.

दुसरा दोष गाळणीचा. बीनेपमध्ये एक बाजू दुसरीला सांगू शकते, की मला अमुकच इथरटाइप पाठव. आयपीव्ही४ चा इथरटाइप ०८००, एआरपीचा ०८०६. बॅटरी वाचवायची म्हणून एखाद्या छोट्या उपकरणाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त ०८०० मागितला, की एआरपीचे प्रश्न त्याच्यापर्यंत येतच नाहीत. लिनक्समध्ये मुळातली गाळणी ०८०० ते ०८०६ अशी सलग ठेवली आहे, ती याचसाठी. आणखी एक गाळणी पत्त्यांची असते: कोणत्या सामूहिक पत्त्यांच्या फ्रेम हव्यात याची यादी. सर्वांसाठीचा एफएफ पत्ता त्यात राहून गेला तर परिणाम तोच. ओळखायची खूण अशी: उपकरण स्वतः आधी बोलले तर सगळे सुरळीत, त्याला बाहेरून कोणी हाक मारली तर उत्तर नाही. ‘बीटीमॉन’मध्ये ‘फिल्टर नेट टाइप सेट’ आणि ‘फिल्टर मल्टी ॲडर सेट’ हे दोन संदेश शोधा. जोडणीनंतर पहिल्या काही पॅकेटांतच ते येतात.

गाळणीचा संशय असेल तर तो पक्का करायला एक सोपी चाचणी आहे. नोंद हाताने घाला: ‘आयपी नेबर रिप्लेस’, समोरचा आयपी, ‘एलएलॲडर’, त्याचा मॅक, ‘डेव्ह बीनेप० एनयूडी पर्मनंट’. समोरच्या बाजूलाही आपल्यासाठी अशीच नोंद घाला (पायवर ‘डेव्ह पॅन०’). मग पिंग करा. पिंग चालले तर जोडणी ठीक आहे, अडचण प्रसारणाच्या किंवा एआरपीच्या वाटेतच आहे. नाही चालले तर एआरपीला दोष देऊ नका, खाली जोडणीत किंवा वर फायरवॉलमध्ये पाहा. चाचणी झाली की ‘आयपी नेबर डेल’ने नोंद काढून टाका. पक्की नोंद आपोआप कधीच जुनी होत नाही. उद्या पायचा ब्लूटूथ डाँगल बदलला तर ती नोंद जुन्याच पत्त्यावर पॅकेटे पाठवत बसेल.

आयपी मिळाला म्हणजे प्रसारण चालते, असा निष्कर्ष अर्धाच बरोबर. डीएचसीपीची मागणी सर्वांना उद्देशून जाते आणि तिला एआरपी लागत नाही. ती पोहोचली याचा अर्थ तुमच्याकडून पायकडे ०८०० प्रकारची प्रसारणे जातात. ०८०६ जातात का, आणि पायकडून दुसऱ्या लॅपटॉपकडे जातात का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पायवर दोन खिडक्यांत बीनेप० आणि बीनेप१ वर टीसीपीडम्प लावा. प्रश्न पहिल्यात दिसला आणि दुसऱ्यात नाही, तर दोष ब्रिजचा. दोन्हींत दिसला आणि उत्तर आले नाही, तर दुसऱ्या लॅपटॉपचा.

ब्रिजचा मॅक बदलणे हा दोष तारेशी जोडलेल्या ब्रिजमध्ये येतो. पक्का पत्ता दिलेला नसेल तर लिनक्सचा ब्रिज आपल्या टोकांपैकी सर्वांत लहान मॅक उचलतो. आधी फक्त इथरनेट होते, तेव्हा त्याचा मॅक. मग ब्लूटूथचे टोक लागले, त्याचा मॅक आकड्याने लहान निघाला, ब्रिजचा मॅक बदलला. इतर यंत्रांच्या तक्त्यात मात्र जुनाच मॅक. त्यांची ओळ शिळी होऊन प्रोबमध्ये हरेपर्यंत पायशी चाललेले बोलणे अडते, आणि ब्लूटूथ तुटले की तोच खेळ उलट्या दिशेने. तिसऱ्या पायरीत पत्ता हाताने दिला असेल तर हे होत नाही.

पाय वायफायवर असेल तर ‘पॅन०’ आणि वायफायचा ब्रिज करायला जाऊ नका. वायफायचा राउटर आपल्याशी जोडलेल्या यंत्राच्याच मॅकवरून आलेल्या फ्रेम घेतो. ब्लूटूथवरच्या लॅपटॉपचा मॅक त्याला परका असतो. तिथे ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ १ करून नॅट (लॅपटॉपची पॅकेटे पायच्याच पत्त्याने बाहेर पाठवणे) लावणे हाच व्यवहार्य उपाय. मग लॅपटॉपला एआरपीने फक्त पायचाच पत्ता शोधावा लागतो.

नॅट लावताना दोन्ही बाजूंना वेगवेगळे सबनेट हवेत. वायफायही १९२.१६८.५० आणि ब्लूटूथही तेच, असे झाले तर लिनक्स एका इंटरफेसचा आयपी दुसऱ्या इंटरफेसवरून विचारला तरी उत्तर देतो, मॅक मात्र ज्या वाटेने प्रश्न आला तिचा सांगतो. तक्त्यात मग एकाच आयपीसाठी आलटून पालटून दोन मॅक दिसतात. ‘एआरपी_इग्नोर’ १ आणि ‘एआरपी_अनाउन्स’ २ केल्याने हे थांबते, पण मुळात सबनेट वेगळे ठेवणे केव्हाही चांगले.

फोनच्या टेदरिंगमध्ये यासारखे दिसणारे, पण वेगळे प्रकरण असते. अनेक अँड्रॉइड फोन ब्लूटूथ टेदरिंगसाठी स्वतःला १९२.१६८.४४.१ हा पत्ता घेतात. आयफोन १७२.२०.१०.१ घेतो, तेही /२८ च्या छोट्या सबनेटमध्ये. एका लॅपटॉपला दोन अँड्रॉइड फोन जोडले तर ‘आयपी नेबर’मध्ये १९२.१६८.४४.१ दोनदा दिसेल, बीनेप० वर एका मॅकने आणि बीनेप१ वर दुसऱ्या. एआरपीचे काही चुकलेले नाही, तक्ता इंटरफेसनुसारच ठेवला जातो. चुकते ते रूटिंग, कारण एकाच नेटवर्कला जायला दोन वाटा झाल्या. एक फोन सोडा.

आता उशीर. बराच वेळ काही बोलणे झाले नाही की ब्लूटूथ यंत्रे स्निफ मोडमध्ये जातात आणि ठरावीक अंतरानेच कान उघडतात. अंतर ८०० स्लॉटचे असेल तर एक स्लॉट ०.६२५ मिलिसेकंदाचा, म्हणजे अर्धा सेकंद. पहिले पिंग अर्धा-पाऊण सेकंद आणि पुढची काही दहा मिलिसेकंदांत, असा नमुना दिसला तर तो स्निफ आहे, त्याला दुरुस्तीची गरज नाही.

आणि यंत्र पल्ल्याबाहेर गेले तर? जोडणी तुटल्याचे ब्लूटूथला लगेच कळत नाही. सुपरव्हिजन टाइमआउट मुळात २० सेकंदांचा असतो. तेवढा वेळ बीनेप० उभाच दिसतो आणि एआरपीची ओळ आधीच ‘फेल्ड’ झालेली असते. म्हणून ‘फेल्ड’ दिसले की अर्धा मिनिट थांबून ‘आयपी लिंक’ पुन्हा पाहा. बीनेप० नाहीसा झाला असेल तर प्रश्न अंतराचा होता.

शेवटचा दोष एआरपीचा नाही, पण दोष त्याच्यावर येतो. तक्त्यात ओळ ‘रीचेबल’, मॅक बरोबर, तरी एका लॅपटॉपवरून दुसऱ्याला पिंग नाही. पायवर डॉकर (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) आहे का पाहा. डॉकर असलेल्या यंत्रावर ब्रिजमधून जाणारी आयपीची पॅकेटेही आयपीटेबल्स या फायरवॉलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीतून जाऊ लागतात आणि डॉकर त्या साखळीचे मुळातले धोरण ‘ड्रॉप’ करतो. एआरपी आयपीटेबल्समधून जात नाही, म्हणून पत्ता सापडतो आणि पिंग मरते. ‘डॉकर-यूझर’ साखळीत पॅन० वरून पॅन० वर जाणाऱ्या पॅकेटांना परवानगी द्या.

डीएचसीपी नसताना

दोन लॅपटॉप थेट जोडले आणि पत्ता वाटणारे कोणी नसेल तर दोन्ही यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतः निवडतात. निवडलेला पत्ता कोणाचा नाही ना, हे एआरपीनेच तपासले जाते: विचारणाऱ्याच्या आयपीच्या जागी ०.०.०.० ठेवून तीन प्रश्न, एकेक-दोन सेकंदांच्या अंतराने, आणि उत्तर नाही आले की ‘हा पत्ता माझा’ अशा दोन घोषणा. यात सहा-आठ सेकंद जातात. तेवढ्यात ‘नेटवर्क लागत नाही’ म्हणून तोडू नका.

ब्लूटूथ लो एनर्जीवर एआरपी नाहीच

सेन्सर, घड्याळ अशी छोटी उपकरणे लो एनर्जीवर असतात आणि तिथे बीनेप चालत नाही. तिथे आयपीव्ही६ जातो, ऑक्टोबर २०१५ च्या आरएफसी ७६६८ प्रमाणे. आयपीव्ही६ मध्ये एआरपीची जागा नेबर डिस्कव्हरी घेते: प्रश्न आयसीएमपीव्ही६ च्या १३५ क्रमांकाच्या संदेशाने, उत्तर १३६ ने. सेन्सरला सतत कान उघडा ठेवणे परवडत नाही, म्हणून इथे रीत उलटी आहे. ‘अमुक पत्ता कोणाचा’ असे सर्वांना न विचारता प्रत्येक सेन्सर जोडणी झाल्यावर आपला पत्ता मधल्या यंत्राकडे नोंदवतो. नोंदणीच्या उत्तरात ० आले तर पत्ता मिळाला, १ आले तर तो दुसऱ्या कोणाकडे आहे, २ आले तर मधल्या यंत्राचा तक्ता भरला आहे. सेन्सर जोडलेला दिसतो पण पिंगला उत्तर देत नाही, अशा वेळी हा आकडा आधी पाहा. नोंदणीला मुदत असते. ती संपण्याआधी सेन्सरने ती वाढवली नाही, म्हणजे प्रोग्रॅममध्ये झोपेचा काळ नोंदणीच्या मुदतीपेक्षा मोठा ठेवला, तर ब्लूटूथची जोडणी शाबूत राहूनही मधले यंत्र त्याचा पत्ता विसरते. झोप मुदतीच्या निम्म्याहून कमी ठेवा, म्हणजे एक नोंदणी चुकली तरी दुसरी वेळेत पोहोचेल.